कै. ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असे ठरले, तेव्हा प्रत्येक सभासद भगिनीने काही ना काही लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. कोणी पाककृती दिल्या, कोणी जात्यावरच्या ओव्या आठवून दिल्या. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे, व लेख लिहिण्याचा मला सराव नाही. परंतु एका थोर स्त्रीचे चरित्र आपल्या भगिनींना सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ते मला जमेल तसे सांगते. चुकले माकले असेल तर सांभाळून घ्यावे.

हे मनात येण्याला कारण घडले ते निकालाच्या दिवशी. आमच्या कोपरखैरण्याच्या वसाहतीत बहुतेक घरे माथाडी कामगारांची. निकालाच्या दिवशी दुपारी बायका दारात उभ्या राहून एकमेकींच्या मुलांची श्रेणी विचारीत होत्या. कोणाला अ-१, कोणाला ब-२. शेजारचा पाचवीतला एक मुलगा मात्र घराबाहेर आला नाही. त्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागणार होते. एरवी सायकलची सुटलेली साखळी क्षणात बसवून देणारे, गल्लीतल्या सगळ्यांच्या उपयोगी पडणारे ते पोर दाराआड तोंड लपवून बसले. त्याची आई रडत होती व बाप त्याच्यावर ओरडत होता. त्या रात्री मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. मंडळाच्या कपाटातून आणलेल्या पुस्तकातून त्यांची ओळख मला झाली होती.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. आई उमाबाई बालविधवा होत्या व सदाशिवरावांशी त्यांचा पुनर्विवाह झाला होता. विधवेशी लग्न करणाऱ्या माणसाला त्या काळी लोक पंगतीला घेत नसत, व्यवहारातून बाहेर काढीत. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोकनिंदेचे भय लहानपणीच उरले नसेल, असे मला वाटते. आपल्या मनाला पटले ते करायचे, हे बाळकडू तिला घरातच मिळाले.

मुली चार बुके शिकल्या तरी पुष्कळ, असे मानणाऱ्या त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली, तिचे नाव प्रभा. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही, व १९२१ साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी तान्ही मुलगी घेऊन एकट्या बाईने आयुष्याची वाट धरणे किती अवघड असेल, याची कल्पना आपणां बायकांना सांगावी लागत नाही. ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी मुख्याध्यापिकेची जागा घेतली. स्त्री शिक्षिका तयार करणारी ती संस्था होती. हुद्दा मानाचा होता, आणि दुसरी एखादी स्त्री तेथेच स्थिर झाली असती.

पण त्याच सौराष्ट्रात भावनगर येथे एक निराळी शाळा चालू होती. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली व दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० साली बालमंदिर काढले. तेथे छडी नव्हती, शिक्षा नव्हती आणि बक्षिसेही नव्हती. शिक्षा नको हे आपल्याला चटकन पटते, परंतु बक्षीस का नको असा प्रश्न पडतो. गिजुभाईंचे म्हणणे असे होते, की बक्षिसासाठी शिकणाऱ्या मुलाचे लक्ष बक्षिसावर राहते, शिकण्यावरचे उडते. एकाला बक्षीस दिले म्हणजे बाकीच्या सगळ्यांना तुम्ही कमी असे सांगितल्यासारखे होते. पुढे त्यांनी दिवास्वप्न नावाचे पुस्तक लिहिले. त्यात एक शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि घोकंपट्टी व मार बाजूला ठेवून गोष्टी, खेळ व पुस्तके यांतून मुलांना कसे शिकवतो, हे सांगितले आहे.

हे बालमंदिर ताराबाईंना इतके भावले की राजकोटची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरला आल्या व गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. सुमारे ९ वर्षे त्या तेथे होत्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाचे शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत निघे. पुढे १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही सुरू केले.

भावनगरला बाळगोपाळांना शिकविण्याची जी रीत होती, ती मूळची इटली देशातील डॉ. मारिया माँटेसरी यांची. ती येथे थोडी सांगते, कारण परीक्षेच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. लाकडाच्या एका लांबट ठोकळ्यात १० भोके असतात व त्यांत बसणारे १० दट्टे असतात. कोणी जाड, कोणी बारीक. मुलाने सगळे दट्टे काढायचे व पुन्हा आपापल्या जागी बसवायचे. एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक दट्ट्या उरतो, तो कुठेच बसत नाही. मग मूल आपणच थांबते, बघते, काढते व पुन्हा लावते. बाईंनी चूक असे म्हणायला नको, तांबडी रेघ ओढायला नको, की दहापैकी सहा असा आकडा द्यायला नको. आपली चूक आपल्याला दिसते व आपणच ती सुधारतो, म्हणून त्यात अपमान वाटत नाही. पोळी लाटायला शिकताना आपण दुसरे काय केले? पोळी फुगली नाही की आपल्यालाच कळे, आणि दुसरी पोळी लाटायला घेत असू.

मग शिक्षिकेला काही कामच नाही, असे मात्र नाही. तिचे काम उलट वाढते. तिने प्रत्येक मुलाकडे बारकाईने पाहावे, कोण कोणत्या साधनापाशी रमते, कोण कुठे अडखळते याची नोंद ठेवावी, आणि त्याप्रमाणे उद्या काय पुढे ठेवायचे ते ठरवावे. नोंद होते ती मुलाची, पण त्यावरून सुधारायचे ते शिक्षिकेने. ताराबाईंच्या पुढच्या सर्व कार्याचे मूळ मला येथे दिसते.

भावनगरहून ताराबाई मुंबईला आल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत १९३६ साली शिशुविहार सुरू झाले. तेथे लहान मुलांसाठी बालमंदिर होते, आणि बालशिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिरही होते. हाताखाली शिकलेल्या बायका बाहेर पडून गावोगाव बालवाड्या काढू लागल्या. १९३९ साली गिजुभाई वारले व संघाचा मोठा भार ताराबाईंवर आला. त्याच वर्षी डॉ. माँटेसरी हिंदुस्थानात आल्या, आणि त्यांच्या पद्धतीचे नाव शहरांतील सुशिक्षित घरांत होऊ लागले.

परंतु ताराबाईंच्या मनाला एक टोचणी होती. डॉ. माँटेसरींनी १९०७ साली रोम शहरात पहिली बालशाळा काढली, ती गरीब मजुरांच्या मुलांसाठी. आपल्याकडे मात्र ती पद्धत महाग साधनांमुळे बऱ्या स्थितीतल्या घरांतच राहिली होती. ज्या मुलांना तिची सर्वांत जास्त गरज, ती मुले बाहेर. यावर उपाय म्हणून, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादरचे जमलेले काम मागे ठेवून ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे १९४५ च्या डिसेंबरात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईही बालविधवा. लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांत कुंकू पुसले गेले. नंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींची जोडी पुढे २८ वर्षे टिकली.

बोर्डी व कोसबाड ही गावे डहाणू तालुक्यातली. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, परंतु १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. म्हणजे ज्या जिल्ह्यात आपण राहतो, त्याच जिल्ह्यात हे कार्य झाले. आणि आपल्यापैकी कितीजणींना ते ठाऊक आहे? डहाणूच्या त्या पट्ट्यात वारली आदिवासींची वस्ती मोठी. सावकार व जमीनदार यांची वेठबिगार त्यांच्या मानेवर होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी गडी बायकोसकट मालकाच्या घरी वर्षानुवर्षे राबे. १९४५ सालीच वारल्यांनी या वेठीविरुद्ध मोठा लढा दिला. अशा लोकांच्या मुलांना शाळेत आणायचे होते.

शाळा तर काढली, परंतु आदिवासी मुले येईनात. येथे एखादी साधी शाळा असती तर हजेरीपटावर गैरहजर असे लिहून मोकळी झाली असती. वर्षअखेर नापास असा शेरा आला असता, आणि या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही असे सांगून सर्वांनी हात झटकले असते. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले का येत नाहीत, हे त्यांनी पाड्यांवर जाऊन पाहिले. पाडे दूर होते. आईबाप पहाटे कामावर जात. थोरली पोर धाकट्याला सांभाळी. मुलगा गुरे राखायला जाई. जी मुले मोकळी होती, त्यांना ती भिंतीआडची शाळा परकी वाटे. मूल नापास नव्हते. शाळाच त्या मुलांच्या परीक्षेत नापास झाली होती.

मग शाळाच मुलांकडे निघाली. सकाळी शिक्षिका साहित्य घेऊन पाड्यावर जात. एखाद्या झोपडीचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. कोणाला घंटा नाही, कोणाला गणवेश नाही. आईही कामावर जाण्यापूर्वी कडेला उभी राहून बघे. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी अंगणवाड्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून हे नाव घरोघरी गेले. आपल्या मंडळातल्या दोन भगिनी अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्या कामाचे नाव एका मराठी बाईने वारल्यांच्या अंगणातून आणले, हे त्यांनी अभिमानाने सांगावे.

साधनांचा खर्च हा दुसरा अडसर. तोही ताराबाईंनी दूर केला. परदेशी नमुन्याची लाकडी साधने नाहीत तर नाहीत. चिंचोके मोजायला आहेत, शंखशिंपले समुद्रावर पडले आहेत, लहानमोठी पाने आहेत, रंगीत दगड आहेत, माती आहे, बिया आहेत. लहान मोठे ओळखणे, जोड्या लावणे, मोजणे, हे सर्व त्यातून शिकता येते. पैशावाचून अडले नाही, आणि मुलांच्या ओळखीच्या वस्तू असल्यामुळे भीतीही गेली.

१९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे विकासवाडी उभी राहिली. एकाच जागी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा. यातली खुबी आपण बायकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. थोरली बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली तरी चालेल. भाऊ पाळणाघरात झोपेल व बहीण वर्गात बसेल. आणि जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. म्हणजे गुरे चरत असतील तेथे, कुरणातच शाळा. गुरे चरती राहिली, आणि मुले शिकती झाली. एका हाताने पोटाचा उद्योग सोडायला लावून दुसऱ्या हाताने पाटी देण्याचा हट्ट ताराबाईंनी धरला नाही.

भगिनींनो, ही पाळणाघराची हकीकत वाचताना माझे डोळे भरून आले, ते का ते सांगते. माझी आई रोजंदारीने शेतावर जाई व धाकटा भाऊ माझ्या कडेवर असे. मूल घेऊन वर्गात बसू देत नसत, म्हणून आठवड्यातले दोन तीन दिवस माझी शाळा बुडे. हजेरीपटावर माझ्या नावापुढे फुल्या वाढत गेल्या. सातवीच्या निकालाला सगळ्या वर्गापुढे गुण वाचून दाखवले. गणितात मी काठावर होते व सर्वांत शेवटचे नाव माझे होते. कोणी हसले नाही, परंतु मान खाली गेली ती गेलीच. जूनमध्ये मी शाळेत गेले नाही, व घरात कोणी जा म्हटलेही नाही. पुढे तीस वर्षे मी स्वतःला मठ्ठ समजत आले. घरखर्चाचा हिशेब, मंडळाच्या भिशीचा हिशेब पैचीही चूक न होता मी ठेवते, तरीसुद्धा. त्या शाळेत धाकट्यासाठी एक पाळणा असता तर काय झाले असते, हा विचार कोसबाडची गोष्ट वाचेपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण ही पदवी दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या व काम चालूच होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली व १९९२ साली त्याही गेल्या.

आता आपल्या मुलांकडे वळू. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत नापास करायचे नाही असे ठरले, आणि गुणांऐवजी श्रेणी व वर्षभराच्या नोंदी आल्या. हेतू ताराबाईंच्या मार्गाचाच होता. परंतु पुष्कळ ठिकाणी नोंदी कागदावर राहिल्या. मूल वरच्या वर्गात गेले, वाचता येईना तरी गेले, अशी तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागली. पुढे २०१९ साली कायदा बदलला, व आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात उतरले नाही तर जादा शिकवणी देऊन पुन्हा परीक्षा घ्यायची, आणि तरीही जमले नाही तर त्याच वर्गात ठेवायचे, असा नियम झाला.

परीक्षा असावी की नसावी, यावर शिकलेली माणसे वाद घालतात. माझ्या अल्प बुद्धीला वाटते की ताराबाईंनी निराळाच प्रश्न विचारला असता. मुलाला येत नाही हे कळले, बरे झाले. आता आपण काय बदलणार? नापास करून घरी बसवले तरी मूल वाचायला शिकत नाही, आणि न शिकवता पुढे ढकलले तरी शिकत नाही. दोन्हीकडे मोठी माणसे आपापल्या जागी तशीच राहतात. कोसबाडला मात्र मोठी माणसे जागेवरून उठली व शाळा उचलून अंगणात नेली.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. समाजमंदिरात आपण संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. तेथे यापुढे कोणाचे गुण मोठ्याने वाचू नयेत. प्रत्येक मुलाची एक वही करावी. डाव्या पानावर त्याला काय येते, काय अडते ते लिहावे, आणि उजव्या पानावर त्यासाठी आपण काय करणार ते लिहावे. महिनाअखेर उजवे पान कोरे असेल तर तो शेरा मुलाचा नाही, आपला समजावा. आणि वर्गाच्या एका कोपऱ्यात चटई अंथरून ठेवावी. एखादी थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दारात आली, तर तिला परत जावे लागू नये. चटईपाशी बसायला मी रोज येईन.

शेजारच्या त्या मुलाला मी आता रोज तासभर माझ्या स्वयंपाकघरात बसवते. त्याला वजाबाकीत हातचा घेणे जमत नव्हते. सुटे पैसे पुढे ठेवले तेव्हा जमले. दहाची नोट मोडली की दहा नाणी येतात, हे त्याने स्वतःच मला समजावून दिले. मला वाटते, ताराबाईंना ते पाहून बरे वाटले असते.

इतके लिहून मी लेखणी खाली ठेवते.